हिरव्या बटणातली पाचर

वीज गेली तरी बाबा करवत मशीनचा खटका बंद करत नसत. मशीन गरगरलं की वीज आली, हे मग घरात सगळ्यांना कळायचं. आत्या तर तो आवाज ऐकूनच पाण्याचा पंप लावायची. पण खटका झिजून इतका सैल झाला होता की धड चालू नाही, धड बंद नाही. गेल्या आठवड्यात बाबा पात्याखालचा भुसा काढत असताना वीज आली आणि दात्यांनी शर्टाची बाही ओढून नेली. हात वाचला. आत्याने बाहीला ठिगळ लावलं आणि बाबांनी तोच शर्ट पुन्हा अंगावर चढवला.

त्यांच्या मुलीला ते ठिगळ बघवत नव्हतं. ती मोटरी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात कामाला होती. आज रजा टाकून ती नवा खटका घेऊन आली होती.

"हिरवं चालू, लाल बंद," तिने सांगितलं. "वीज गेली की हिरवं आपसूक सुटतं. परत दाबल्याशिवाय मशीन हलणार नाही."

"मग वीज आल्याचं कळणार कसं?"

"दिवा लागेल की, बाबा."

"दिवसाढवळ्या दिवा लावून बसू?"

"दादा, तिला काम करू दे," आत्या आतून म्हणाली. "हट्टीपणात तुझ्यावरच गेलीय ती."

फ्यूज काढून तिने खिशात घातला होता. तरी तिचा हात सारखा खिशाकडे जात होता. जुना खटका उघडला तर आतल्या पितळी पट्ट्या जळून काळ्या पडलेल्या. तिने तारा सोलल्या, एकेक जागेवर बसवली, ओढून पाहिली. शेवटचा स्क्रू पिळत होती तेवढ्यात शेजारचा रेडिओ अर्ध्या वाक्यात थांबला. वीज गेली.

तिने फ्यूज परत जागेवर लावला. "वीज आली की तपासू. तोवर हात लावू नका."

ती हात धुवायला आत गेली. साबण लावते न लावते तोच बाहेरून टकटक ऐकू आली. छोट्या हातोडीची, बेताबेताने मारलेली. ती थबकली. ठोकण्यासारखं तर काहीच उरलं नव्हतं.

ओल्या हातांनीच ती बाहेर आली. हिरवं बटण आत दाबलेलं होतं आणि त्याच्या कडेला लाकडाची एक बारीक, नीट तासलेली पाचर ठोकलेली. बाबा मशीनवर वाकले होते. हात पात्याखाली, ठिगळाच्या बाहीसकट.

ओरडावं तर ते दचकतील, हात दात्यांवर जाईल. फ्यूज पलीकडच्या भिंतीवर, मध्ये फळ्यांचा ढीग. तिने पाचर चिमटीत धरली. नख घसरलं. बाबांनी ठोकलेली पाचर कधी सैल निघाल्याचं तिला आठवत नव्हतं. साबणाने बोटं बुळबुळत होती. तिने पक्कड उचलली, पाचर पकडली आणि सरळ ओढली.

टक. बटण बाहेर आलं.

"कसला आवाज?" मान वर न करता बाबांनी विचारलं.

"काही नाही. हात बाहेर काढा आधी."

"थांब गं, एक ढलपी अडकलीय."

भिंतीपलीकडे रेडिओ बोलायला लागला. मशीन गप्प होतं. बाबांचा हात अजून आतच होता. तो हळूच बाहेर आला. ढलपी चिमटीत तशीच.

त्यांनी बटणाकडे पाहिलं, मग तिच्या पकडीकडे.

"बसत नव्हतं ते," ते म्हणाले. "दाबलं की सुटायचं. मला वाटलं, ढिलं आहे."

तिने पाचर त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"दादा," आत्याने हाक मारली, "आज वीज येते की नाही? पाणी भरायचंय मला."

"आलीय," बाबा म्हणाले. "पंप लाव."

आणि दोन्ही हात खिशात घालून ते तिथेच उभे राहिले.