ठकीचा वरचा ओठ

मिशीवाल्या माणसांशी माझं कधी पटलं नाही. बिचाऱ्यांचा दोष नसतो, पण वरचा ओठ झाकून बोलणारा माणूस म्हणजे माझ्या लेखी पडदा ओढून खिडकीत उभा राहिलेला माणूस. अशांच्या पुढे मी नुसती मान डोलावते. दूधवाला काहीतरी सांगतो, मी मान डोलावते, आणि दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही की कळतं, तो काय सांगत होता ते.

मी ठार बहिरी आहे. जन्मापासून नाही. उमेदीची सगळी वर्षं मागावर गेली आणि त्या कारखान्याच्या खडखडाटाने माझे कान हळूहळू खाऊन टाकले. पण विद्याही त्यानेच दिली. तिथे शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, म्हणून आम्ही बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायचो. ओठ मोठे हलवायचे, शब्द सुटा करायचा. पलीकडच्या रांगेतली बाई सासूचा उद्धार करत असली तरी इकडे शब्द न् शब्द पोचायचा. मुकादमाची तर आम्ही त्याच्या डोळ्यांदेखत सालटी काढत असू, आणि त्याला वाटायचं, बायका पान चघळताहेत. त्यामुळे कान गेले तेव्हा मी फारशी रडले नाही.

माझी लेक याच बोलीत वाढली. घरात तिला ठकी म्हणतो. तिच्याइतकं स्वच्छ तोंड मी दुसरं पाहिलेलं नाही. खाली रस्त्यावर उभी राहून ती वर माझ्या खिडकीकडे बघत ओठांनी विचारते, "कांदे आणू का?" आणि मी वरून सांगते, "आण, पण मोड आलेले नकोत." येणारेजाणारे आम्हाला वेड्यात काढतात. तिने मला कधी कागदावर लिहून काही सांगितलं नाही. लिहायचं ते परक्यांनी. माझी ती परक्यांपुढची मान तिला पक्की ठाऊक. कुणापुढे मी तशी डोलावली की हसून विचारते, "तो काय म्हणाला, सांग बरं." तिच्यापुढे मात्र ती मान डोलवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

ठकी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. दुकानभर आरसे. गिऱ्हाईक स्वतःचं तोंड न्याहाळतं आणि त्याच्या मागे हिला दिवसभर स्वतःचं दिसतं. एका संध्याकाळी ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, मी वरचा ओठ करून घेणारे."

कळलं नाही, असं म्हणायचीही सोय नव्हती.

तिने नाकाखाली बोट ठेवून दाखवलं. "हे अंतर बघ केवढंय. मी हसले तरी दात दिसत नाहीत. गिऱ्हाइकं विचारतात, बरं नाही का तुम्हाला? डॉक्टर इथून बारीक पट्टी काढतात आणि ओठ वर ओढून शिवतात. टाके नाकाच्या बुडाशी लपतात."

माझा हात माझ्याच तोंडाकडे गेला. तो ओठ तिने माझ्याकडूनच उचलला होता.

"मग माझाही वाईट दिसतो का गं?"

"तुझा तुला शोभतो."

"म्हणजे दिसतो."

ती हसली, मीही हसले. पण मी त्या ओठावर जगत होते. तो मिटला की मला शब्द दिसे, गोल झाला की दुसरा दिसे, आणि ती काही लपवत असली की त्याचा डावा कोपरा जरासा आत जाई. आता कुणी तरी तोच कापणार, ओढणार, शिवणार. माझे कान कापणार होते, आणि ते तिच्या तोंडावर होते.

मी बोलले असते तर तिने तिथल्या तिथे बेत सोडला असता, हे मला माहीत होतं. म्हणूनच बोलले नाही. बोलायला लागल्यापासून या पोरीने माझ्यासाठी तोंड मोठं करून शब्द उच्चारले; आता तिचा चेहराही माझ्याच सोयीने ठेव म्हणू? म्हटलं, "तुझा चेहरा, तुझी मर्जी." ओठात एक आणि पोटात एक म्हणतात, ते असं.

डॉक्टर सफाचट दाढीमिशीचे निघाले. बोलणं असं स्वच्छ, की मला त्यांचा राग धरता येईना. ठकीने आधीच सांगितलं होतं, "आईला ऐकू येत नाही, तिच्याकडे बघून बोला." त्यांनी तिच्या नाकाखाली निळ्या पेनने खुणा केल्या आणि तिला फोटो काढायला आतल्या खोलीत पाठवलं. तेवढ्यात मी विचारलं, "बोलण्यात काही फरक पडेल का?"

"आवाज अगदी तस्साच राहील, आजी. निर्धास्त असा."

एक तर आजी. आणि वर आवाज! आवाज घेऊन मी काय करू? तरी धीर करून म्हटलं, "ओठ हलेल ना पहिल्यासारखा?"

"सुरुवातीला ताठ राहतो, बधिर वाटतो. पुढे बहुतेकांचा सुटतो."

बहुतेकांचा. हा शब्द मी त्यांच्या तोंडावर लख्ख पाहिला. उरलेल्यांचं काय, हे विचारायला तोंड उघडलं, तोच ठकी परत आली आणि मी छताकडे बघत बसले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी तिला ढकलगाडीवरून आत नेताना ती मान वळवून ओठांनी म्हणाली, "घाबरू नकोस. आत्ता येते." हल्ली मी कारखान्यात कापड तपासते, दिव्यावरून कापड सरकत असतं आणि मी तुटका धागा शोधत असते. त्या नजरेने मी तो ओठ शेवटचा पाहून घेतला. मग दार मिटलं.

तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की तिथे प्रत्येकाच्या तोंडावर मास्क आहे. डॉक्टर, नर्स, झाडणारी बाई, सगळे. माझी दुभाषी आत, आणि बाहेर एकाही माणसाला तोंड नाही.

थोड्या वेळाने त्याच दारातून एक नर्स घाईने माझ्याकडे आली आणि बोलू लागली. मला नुसते डोळे दिसत होते. "मला ऐकू येत नाही, मास्क काढा," मी म्हटलं. तिने नाही म्हणून मान हलवली, आत बोट दाखवलं, पुन्हा बोलली. बाकावरची माणसं वळून बघायला लागली, म्हणजे ती ओरडत असणार. भुवया वर गेलेल्या. रक्त थांबत नाही? शुद्धीवर येत नाही? आणि माझी मान डोलली. सवयीने डोलली. नर्स आत निघून गेली.

मी कशाला हो म्हटलं होतं? कापा आणखी, असं विचारत होती का ती? देवा, मी मान का डोलावली? त्या बाकावर बसून माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. ती पुन्हा बाहेर आली तशी मी तिचा दंडच धरला. तिने वैतागून मास्क खाली ओढला.

"अहो मावशी, चहा पिऊन या म्हणत होते! तिला वेळ लागेल अजून, तोवर कॅन्टीन बंद होईल."

मी हसले की रडले, आठवत नाही. चहाला मात्र गेले नाही.

ठकी बाहेर आली ती नाकाखाली पांढरी पट्टी आणि सुजलेला ओठ घेऊन. डोळे हसत होते. टाके निघेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही, असा हुकूम होता. हाताने खुणा करून ती पाणी मागे, उशी मागे. इतकी वर्षं बहिरी राहून मी शांतता कशी असते ते पाहिलं नव्हतं. ते आता पाहिलं. मी एकटीच बडबडत राहायचे, कारण गप्प बसले की भीती वर यायची.

टाके काढून आलो त्या दुपारी ती खिडकीशी उजेडात बसली. खरं सांगते, छान दिसत होती. ओठ वर गेला होता, दातांची कड दिसत होती, नुकतीच कुणीतरी आनंदाची बातमी दिल्यासारखी. ती पुढे झुकली आणि बोलायला लागली.

वरचा ओठ जागचा हलला नाही. खालचा ओठ त्याला शोधत वर गेला आणि रिकामा परत आला. ती भरभर बोलत होती, डोळे भरून आले होते, काहीतरी मोठं, मनातलं सांगत होती. मी डोळे ताणून बघत होते. शब्द कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, काही पत्ता लागेना. कोपऱ्यावर नजर नेली, हनुवटीवर नेली, जिभेवर नेली. काही नाही. ती थांबली आणि उत्तराची वाट बघू लागली.

माझी मान डोलली.

ठकीचा चेहरा उतरला. दूधवाल्यापुढची, मिशीवाल्यांपुढची ती मान तिने पहिल्यांदाच समोरून पाहिली. मग सावकाश काहीतरी म्हणाली. ते मी ओठांवरून नाही, डोळ्यांवरून ओळखलं. "मी काय म्हणाले, सांग बरं."

"छान झालं म्हणालीस," मी म्हटलं.

तिने नकारार्थी मान हलवली.

"दुकानात कधी जाणार, ते?"

पुन्हा नाही.

"कळलं नाही गं, ठके," मी म्हटलं. "काहीच कळलं नाही."

ती मग तावातावाने हात हलवत बोलली. आधी का नाही सांगितलंस, असं विचारत असणार. तेवढं कळायला ओठ लागत नाहीत. ती उठली, खण उघडला आणि कागद-पेन्सिल घेऊन आली. त्या कागदाची मला जेवढी भीती वाटली, तेवढी आतल्या त्या सुरीचीही वाटली नव्हती. मी पेन्सिल तिच्या हातातून काढून घेतली.

"लिहायचं ते परक्यांनी. परत सांग."

तिने सांगितलं. मला कळलं नाही.

मी दोन बोटं तिच्या ओठावर ठेवली, लाल रेघेच्या खाली, अगदी अलगद. "दुखतं?" तिने नाही म्हणून मान हलवली. मग स्वतःच्या बोटाने तिथे दाबून बघितलं आणि पुन्हा मान हलवली. तिला माझी बोटं लागतच नव्हती. ओठ गरम होता. तिने परत तेच सांगितलं, आणि माझ्या बोटांखाली काही थरथरलं की मला नुसतं तसं वाटलं, कोण जाणे. तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून ओठावर आणि ओठावरून माझ्या बोटांवर आलं. ते मला कळलं, तिला कळलं नाही.

"परत सांग," मी म्हणाले.