यादीत नसलेला नळ

खेड्यातल्या माणसांना शहर दाखवायचं तर हातात यादी आणि गळ्यात शिट्टी हवी, असं माझं ठाम मत होतं. मी शाळामास्तर, आणि जन्माचा यवतमाळचा. राळेगावकडच्या ज्या खेड्यात माझी नेमणूक होती, तिथले लोक वर्षातून चारदा यवतमाळला जायचे आणि यवतमाळ न पाहता परत यायचे. तारीख असली की कोर्ट, दुखणं असलं की दवाखाना, की लगेच परतीची एसटी. याचा मला राग यायचा. म्हणून एकसष्टच्या जानेवारीत, कापसाची वेचणी उरकत आल्यावर, मी चौघांना गोळा केलं आणि सकाळच्या एसटीत बसवलं.

यादीत आठ ठिकाणं होती. कचेरीपासून सुरुवात, आणि शेवटी रेल्वे स्टेशन. तिथून दुपारी चारला छोटी गाडी सुटताना पाहायची आणि साडेचारची एसटी धरायची. उकंडा आणि त्याची बायको गंगी केवळ त्या गाडीसाठी आले होते. उकंड्यानं आयुष्यात आगगाडी पाहिली नव्हती. रुखमाबाई आली होती, कारण तिच्याशिवाय गावात काही होतं हेच तिला पटत नसे.

चौथा पंजाबराव, रुखमाबाईचा चुलतभाऊ. तो कशासाठी आला ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, कबूल तेवढं तो करत नव्हता. त्याची एकुलती एक लेक प्रभावती गेल्या वैशाखात यवतमाळला दिली होती. दिवाळीत तिच्या सासूचा पाय मोडला, म्हणून पोर माहेरी आली नाही. आठ-नऊ महिने बापलेकीची भेट नव्हती. आणि त्यांच्या घराण्याची रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. दारात गेलं की विहीणबाई पाण्याचा तांब्या पुढे करणार. घेतला तर रीत मोडते, नाही म्हटलं तर त्यांचा अपमान होतो. म्हणून हा गडी तिकडं फिरकतच नव्हता.

"पोरीकडे जाऊन येता का?" मी एसटीत विचारलं.

"नाही मास्तर," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मी तं शहर पाह्यले आलो."

शहर मात्र या मंडळींनी मला धड दाखवू दिलं नाही. कचेरीपुढे मी माहिती सांगत होतो, तर उकंडा चपला काढून हात जोडून उभा. "इथं हात नाही जोडायचे," मी म्हणालो. "साहेब आत हाये ना पण," तो म्हणाला. कापसाच्या जिनात रुखमाबाईनं ढिगातला कापूस चोळून पाहिला आणि मालकाच्या माणसाला सुनावलं, "यात पाणी मारलं हाये." मी त्यांना बाहेर काढायला शिट्टी वाजवली, तर जिनातले मजूरच जेवायची सुट्टी झाली समजून उठले.

आणि प्रत्येक ठिकाणी पंजाबरावाचं एकच. "मास्तर, या बाजूले काय हाये?"

"काही नाही. नुसती घरं आहेत."

"पाहू ना पण."

चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं, की त्याची ती बाजू दर वेळी एकच असते. पुलापलीकडची. मी तापलो. म्हणालो, "हे पाहा, आपली अजून चार ठिकाणं राहिली आहेत."

सव्वातीनला आम्ही एका लिंबाखाली भाकरी सोडली. पंजाबरावानं खिशातून जावयाचं कार्ड काढलं. दुमडून दुमडून फाटायला आलेलं. पत्ता होता, पुलापलीकडे, सार्वजनिक नळासमोरचं घर.

"घरात नाही जात मी," तो म्हणाला. "दुरून दिसली तरी पुरे हाये मले."

उकंड्यानं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. "गाडी काय, उद्याही सुटन," तो उठत म्हणाला. "चाला मास्तर." मला स्वतःची लाज वाटली. मी यादी खिशात घातली.

गल्लीत नळ होता, घागरी घेऊन तीन-चार बाया होत्या, आणि समोर बंद दार. पंजाबराव डोळ्यांवर रुमाल ओढून रुखमाबाईमागे लपला. पाच मिनिटं गेली, दार उघडेना. हाक मारावी तर ते घरी जाण्यासारखंच झालं असतं. शेवटी मी शिट्टी फुंकली.

"मंडळी, हा नगरपालिकेचा सार्वजनिक नळ," मी शाळेतल्या आवाजात सुरू केलं. सनावळीशिवाय एक शब्द न बोलणारा मी, त्या नळावर दहा मिनिटं बोललो. बाया घागरी तशाच ठेवून ऐकत राहिल्या. रुखमाबाईनं गल्ली दणाणून विचारलं, "मास्तर, आपल्या गावात असा नळ काहून नाही? या पंजाबरावले सांगा बरं."

दार उघडलं. प्रभावती बाहेर आली, तिनं पाहिलं, डोक्यावरचा पदर सावरला आणि चालता चालता पळालीच. ती बापाच्या पाया पडली, तरी त्याला तिच्या डोक्यावर हात ठेवायचं सुचेना.

मागून काठी टेकत सासूबाई उंबऱ्यात आल्या. "इवाईबुवा, रस्त्यात काहून उभे राह्यले? घरात या. पाणी तं घ्या."

झालं. पंजाबराव माझ्याकडे बघायला लागला.

"ताई, पाणी हे नगरपालिकेचं," मी म्हणालो. "रस्ताही तिचाच. इथं ते पाणी प्यायले, तर लेकीच्या घरचं कसं म्हणता येईल?"

सासूबाईंनी जरा विचार केला. "तांब्या नका घेऊ पण," त्या म्हणाल्या. "तांब्या आमच्या घरचा हाये."

तो नळ दाबून धरल्याशिवाय वाहत नसे. प्रभावतीनं दोन्ही हातांनी तो दाबून धरला आणि पंजाबरावानं खाली ओंजळ धरली. तो पाणी प्यायला. पुन्हा प्यायला. लेक हळूहळू विचारत होती, आई कशी आहे, गोऱ्ह्याचं नाव काय ठेवलं, आणि तो ओंजळीतूनच उत्तरं देत होता. एवढी तहान कोणाला नसते. पण ओंजळ काढली असती तर निघावं लागलं असतं.

तिकडं स्टेशनावर गाडीची शिट्टी झाली. उकंड्यानं मान वळवून ती सबंध ऐकली आणि गंगीला म्हणाला, "आवाज तं ऐकला."

घागरीवाल्या बायांपैकी एकीनंही घाई केली नाही. एसटीची वेळ होत आली होती आणि माझी शिट्टी माझ्या हातात होती. ती मी खिशात टाकली, यादीजवळ.