उजव्या डोळ्याचं पाणी

अनंतरावांनी बायकोच्या स्वयंपाकाला उभ्या आयुष्यात कधी चांगलं म्हटलं नाही. वाईटही म्हटलं नाही, हे मंदाकिनीबाई त्यांच्या बाजूने आवर्जून सांगत. अळूचं फदफदं अगदीच जमून गेलं, तर "घशाला खाजलं नाही" एवढं प्रशस्तिपत्रक मिळे. तरीही बिबवेवाडीतल्या त्या फ्लॅटमध्ये बाई रोज खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसत, पहिला घास पोटात जाईपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत, आणि मगच स्वतःचं पान वाढून घेत. आशा वेडी असते, दुसरं काय!

गेल्या वर्षी अनंतरावांच्या उजव्या कानात नागीण झाली आणि त्या बाजूची चेहऱ्याची नस पार दबून गेली. ओठ लोंबला. चूळ भरायला जावं, तर पाणी शर्टावर. डोळा मिटेना, म्हणून झोपताना बाई त्यात मलम घालून वर पट्टी लावत. "डावी बाजू तरी शहाण्यासारखी वागतेय," अनंतराव अर्ध्या तोंडाने म्हणत. बाई त्यांच्यासमोर हसत आणि मोरीत जाऊन रडत.

काही महिन्यांनी ओठ हलला, डोळा मिटू लागला. आणि एके दिवशी फदफद्याचा पहिला घास घेतला मात्र, अनंतरावांच्या उजव्या डोळ्यातून घळघळा पाणी वाहू लागलं.

बाई बघतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी भरल्या वांग्याला तेच. तिसऱ्या दिवशी साध्या मेतकूट-भातालाही! आजारपणाने माणूस हळवा होतो, हे त्यांनी ऐकलं होतं. शेजारच्या सरोजिनीबाईंना त्यांनी सांगितलंसुद्धा, "तोंडाने बोलत नाहीत हो, पण जेवताना डोळा भरून येतो त्यांचा." सांगताना त्या या वयात चक्क लाजल्या. मग काय, रोज नवा पदार्थ. अनंतराव रुमालाने डोळा टिपत आणि मुकाट्याने जेवत.

पुढच्या तपासणीला मात्र त्यांनी नीरजा डॉक्टरांना बाईंसमोरच विचारलं, "खायला लागलं की हा डोळा गळतो. वॉशर बदलायचा का?"

डॉक्टर हसल्या. "काका, दबलेल्या नसेतले बारीक तंतू मरून जातात. शरीर ती पडझड साफ करतं आणि मग नवे तंतू वाट शोधत वाढतात. तुमचे लाळेकडे जाणारे काही तंतू वाट चुकून अश्रूंच्या ग्रंथीला जाऊन मिळालेत. रस्ता खणल्यावर टेलिफोनच्या तारा भलत्याच जोडल्या जातात ना, तसं. तोंडाला सुटायचं ते पाणी डोळ्याला सुटतं. त्रास होत असेल, तर एक इंजेक्शन देता येईल. पुढच्या आठवड्यात या."

"म्हणजे... काहीही खाल्लं तरी?" बाईंनी विचारलं.

"काहीही. आमच्या कॅन्टीनचा सामोसासुद्धा."

रिक्षात बाईंना सगळं आठवत राहिलं. इतके दिवस त्यांनी आपलं कौतुक आपणच करून घेतलं होतं, आणि वर ते शेजारी सांगितलंही होतं. त्यांना फार, फार वाईट वाटलं.

त्या दिवसापासून त्या ताट वाढून गॅलरीत जाऊन बसू लागल्या. समोरची खुर्ची रिकामी. अनंतराव घास घेताघेता त्या खुर्चीकडे बघत आणि पुन्हा ताटात बघत.

इंजेक्शनच्या आदल्या दिवशी बाईंनी अळू केलं. ताट ठेवलं आणि वळल्या.

"मंदा, बस ना जरा."

"कशाला? उद्या इंजेक्शन आहे. होईल सगळं ठीक."

"फदफदं फार सुरेख झालंय."

बाई उसळल्या. "अहो, अजून पानाला हात तरी लावलाय का? दया म्हणून केलेलं कौतुक नकोय मला."

"आजच्याचं कोण म्हणतंय?" अनंतराव म्हणाले. "लग्न झाल्यापासूनच्या सगळ्याचं म्हणतोय. सांगायचं राहून गेलं."

बाईंनी पाहिलं. पान जसंच्या तसं होतं, एक घासही मोडलेला नव्हता. अनंतरावांचे दोन्ही डोळे वाहत होते.

त्यांनी खुर्ची ओढली, समोर बसल्या आणि पदराने आधी त्यांचा डावा डोळा पुसला.