चाळीस लाख ठिपके आणि चिमूटभर दंतमंजन

मी एक जुनी काचपट्टी आहे. माझ्या अंगावर चांदीचे चाळीस लाख ठिपके आहेत: दोन हजार रांगा, दर रांगेत दोन हजार. सगळे मिळून मोहरीच्या दाण्याएवढी जागा व्यापतात.

मित्रांनो, धाराशिवच्या कॉलेजात संशोधन करणारी झरीन माझ्यावर रंगाचा थेंब सोडून लेसर टाकते. तेव्हा चांदीतले इलेक्ट्रॉन, रंगाचे रेणू आणि प्रकाश असे मिसळतात, की प्रकाश कुठला अन् पदार्थ कुठला ते सांगता येत नाही. त्या मिश्र कणांना पोलॅरिटॉन म्हणतात. थोडे असले की प्रत्येकाचा रंग जरा वेगळा. पुरेसे जमले की सगळे एकाच लयीत डोलतात आणि पसरट रंगाची बारीक रेघ होते. चार वर्षं त्या रेघेसाठी माझं कौतुक झालं. ठिपके बिघडले, तर लय जमत नाही.

सोमवारी सोलापुरात शेवटची मोजणी होती आणि रविवारी कॉलेज बंद, म्हणून झरीनने शनिवारीच मला तेरखेड्याला घरी आणलं. तिची फुफी, म्हणजे आत्या, फरिदाबी फटाक्यांच्या कारखान्यातून आली आणि मला ठेवलेली डबी उघडून बसली. तिच्या बोटांना गंधकाचा वास होता. गंधकाने चांदी काळवंडते. मी भीतीने गारठले. मला पळता येत नव्हतं. ठिपके इतके बारीक, की नुसत्या डोळ्यांना मी एरवीही काळपटच दिसते.

"एवढीशी चांदी, अन् तीबी काळी!" म्हणत तिने चिमूटभर दंतमंजन घेतलं. पांढरं बोट माझ्यावर टेकलं. कोपऱ्यातल्या रांगा खरवडल्या गेल्या.

"फुफी, हात काढा!" झरीन धावत आली.

"अगं, लखलखीत करून देते. सर म्हणतील, पोरगी लई गबाळी."

"माझा सगळा प्रबंध तिच्यावर हाय. दुसरी मिळायला वर्ष लागंल!"

फरिदाबीने बोट मागे घेतलं. "या अल्लाह! म्या तर पैंजणावानी घासली. डबीवर लिवायचं न्हाय व्हय?"

"लिवलंय की."

"इंग्रजीत!"

मित्रांनो, ज्या वस्तूचं काम ठाऊक नाही, तिला मायेनेही घासू नका, आधी विचारा.

सोमवारी झरीनने खरवडलेला कोपरा सोडून मधल्या शाबूत रांगांवर लेसर लावला. रेघ दोन नॅनोमीटरच्या आत आली तर प्रबंध पुरा होणार होता. वीसच्या आसपास राहिली तर नाही. मी काचेच्या आत थिजले होते. पडद्यावर आकडा उमटला.

रेघेची रुंदी: १.६ नॅनोमीटर.