छताखालची रेघ

लोकांची घरं रंगवण्यात आमची हयात गेली, पण आमच्याच खोलीला मुहूर्त लागत नव्हता. शेवटी एकदाचा लागला. एक कोपरा तेवढा उरला, तेव्हा आमचे हे रंगाच्या पालथ्या डब्यावर चढले. एवढ्याशासाठी शिडी कोण हलवणार? सगळे रंगारी हेच करतात, मेले!

डबा सटकला. यांचं डोकं खिडकीच्या कट्ट्यावर आपटलं. मी धावले, तर हे हसत उठले. "पंचनामा नको करूस, फौजदार. जिवंत आहे." फौजदार म्हणजे मी. का, ते सांगायला नको.

धाकट्या दिरांनी डोकं चाचपलं. "रक्ताचा थेंब नाही, वहिनी. उगाच बाऊ करू नका."

हे शिडीवर चढून छताखालची रेघ ओढू लागले. यांची रेघ चिकटपट्टीशिवाय सरळ जायची. त्या दिवशी ती वाकडीतिकडी निघाली. मी खालून ओरडले, तर म्हणाले, "सरळच आहे की!"

यांना वाकडं दिसत नाही?

"बाऊ तर बाऊ," मी दिरांना म्हटलं, "गाडी काढा!" वाटेत यांना उलटी झाली, मग डोळेच उघडेनात.

डॉक्टरीणबाईंनी मला समजेल असं सांगितलं. "भरलेला डबा पडला, तर पत्रा शाबूत राहतो, पण आतला रंग उसळून आदळतो ना? मेंदूचं तसंच झालंय. कवटी धड आहे, आत रक्त साकळतंय. ते आत्ताच काढायला हवं, नाहीतर जीव जाईल."

जीव वाचला. पण शुद्धीवर आल्यावर मला म्हणाले, "बाई, जरा पाणी देता का?" इतक्या अदबीनं! मी पाणी दिलं, आणि जिन्यात जाऊन ऊर फुटेस्तोवर रडले. ओळख परतेल की नाही, डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना.

घरी आणलं. दीर ती रेघ सुधारायला निघाले, मी ब्रश हिसकावून घेतला. यांच्या हातची शेवटची रेघ ठरली तर? हे पलंगावर पडून वर बघत राहायचे. मी घास भरवला की, "राहू द्या, बाई."

एका सकाळी मी केर काढत होते.

"फौजदार!"

झाडू गळून पडला. हे कपाळाला आठ्या घालून छताकडे बोट दाखवत होते. "ही रेघ कुठल्या गाढवानं ओढली? हात कापत होता का त्याचा?"

"होता हो," मी म्हटलं, आणि यांच्या पायाशी मटकन बसले.