दहाच्या चहाचे टेबल

मित्रांनो, मी कानडी मुलखात, महादेवपुऱ्यातल्या एका कारखान्याचे चहाचे टेबल आहे. जुने आहे, एका पायाने किंचित लंगडेही. यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या जोडून विश्वेश्वर सुताराने मला बनवले आणि वर जाड पत्रा ठोकला. रूपाच्या नावाने बोंबच होती!

पण दहाच्या चहाला माझा रुबाब बघावा. आमच्याकडे एक रीत होती. काल ज्याच्या हातून नग बिघडला, त्याने तो आज माझ्यावर ठेवायचा आणि कसा बिघडला ते सर्वांना सांगायचे. हसायला बंदी. मग सर्वांत जुने कामगार नरसिंहराव माझ्या पत्र्यावर खडूने आकृती काढत आणि नवी माणसे कान टवकारून शिकत. चहा सांडे, पण मला त्याचे काहीच वाटत नसे.

१९९५ साली रघुनंदन हे नवे साहेब पुण्याहून आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना माझ्याभोवती नुसता घोळका दिसला. "टी-ब्रेकमधल्या गप्पा म्हणजे ट्रेनिंग नव्हे. आता प्रॉपर क्लास होतील," ते म्हणाले. चहा ज्याच्या त्याच्या जागेवर मिळू लागला. मला पत्रा दाबून नग बनवणाऱ्या प्रेसजवळच्या भिंतीला लावून माझ्यावर क्लासच्या छापील पुस्तिकांचा गठ्ठा ठेवला. मला ते फार लागले.

त्याच महिन्यात नागपूरची नीलिमा कामाला लागली. हुशार मुलगी, पुस्तिका तिला तोंडपाठ. पण आमचा प्रेस मोठा खोडकर. थंडीत सकाळी पायडल सोडले, तरी त्याचा दट्ट्या कधीकधी पुन्हा खाली येई. हे पुस्तिकेत नव्हते. सगळ्यांना ठाऊकच होते, म्हणून कुणी लिहिलेच नव्हते.

डिसेंबरातल्या एका सकाळी नीलिमाने पायडल सोडले आणि नग काढायला हात आत घातला. मी समोरच होते. मला तोंड असते तर! तिच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

तीन महिन्यांनी ती परत आली ती थेट नरसिंहरावांपाशी.

"अण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं, अक्का." त्यांची मान वर होईना. "सायबांनी गप्पा बंद म्हटलं. मी सरी, ठीक आहे म्हणून उगी बसलो. माझंच चुकलं."

रघुनंदन साहेब मागेच उभे होते. त्यांनी पुढे होऊन माझ्यावरचा पुस्तिकांचा गठ्ठा स्वतः उचलला.

आता प्रेस दुरुस्त झाला आहे आणि मी पुन्हा मधोमध आहे. सगळे सांगतात, ऐकतात. पण नीलिमा डाव्या हाताने कप उचलते, तेव्हा नरसिंहराव उठून बाहेर जातात. मला फार वाईट वाटते.

मित्रांनो, तुम्हाला ठाऊक असेल ते शेजारच्याला आपणहून सांगा. तो विचारील तेव्हा सांगू, असे म्हणू नका. नीलिमा विचारायला लाजणारी नव्हती. काय विचारायचे, हेच तिला ठाऊक नव्हते.