उजव्या खोक्याचं शीट

डाव्या स्पीकरला सागाचं व्हिनियर चढवून झालं आणि त्याच दुपारी आमच्या हॉलच्या उजव्या बाजूला आवाज होणं बंद झालं.

हद्द पंख्याखाली होती. पंख्याच्या डावीकडे कुणी बोललं की ते घरभर ऐकू जायचं. उजवीकडे बोललं की तोंड तेवढं हलायचं. वृषाली, म्हणजे माझी बायको, नेमकी उजवीकडे उभी राहून माझ्याशी बोलत होती. तिच्या हातातला झारा वर-खाली होत होता. मला सुरुवातीला यात तक्रार करण्यासारखं काही दिसलं नाही. मग ती दोन पावलं डावीकडे आली आणि वाक्य मधूनच सुरू झालं.

"...आणि हा सगळा भुसा काय माझ्या माहेरच्यांनी काढायचा?"

माहेरचे म्हणजे अप्पा. माझे सासरे. ते कायमचे आमच्याकडे राहायला आले तेव्हा औषधांच्या पिशवीबरोबर कमरेएवढ्या उंचीचे दोन स्पीकर घेऊन आले. आवाज अजून खणखणीत होता, पण खोक्यांचं जुनं व्हिनियर पापुद्रे सुटून लोंबत होतं. ते खरवडून मी नवं लावायला घेतलं. कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवतो, त्यामुळे हाताने काही करून दाखवण्याची खाज मला वर्षातून एकदा येते.

चूक माझीच झाली. व्हिनियरची शीटं, म्हणजे लाकडाचे कागदासारखे पातळ थर, एकाच ओंडक्यावरून एकाखाली एक सोलून काढतात. लागोपाठची दोन शीटं पुस्तकासारखी उघडून ठेवली की रेषा समोरासमोर जुळतात, आरशात बघितल्यासारख्या. म्हणून एक शीट डाव्या खोक्याला आणि त्याच्या पुढचं उजव्याला, असं लावायचं असतं. मी दोन्ही डाव्यालाच लावली. फार सुरेख फुलपाखरू झालं होतं.

"जावईबापू," अप्पा खुर्चीतून म्हणाले, "जुळ्यांचं बारसं आणि पाळणा एकालाच? दुसऱ्याला जमिनीवर निजवलंत?"

"अप्पा, आणतो उद्या दुसरं शीट."

"आणा. पण तो ऐकून घेणार नाही. त्याचा स्वभाव मला माहीत आहे."

उजवा स्पीकर नुसत्या भुशाच्या बोर्डात, उघडानागडा, कोपऱ्यात उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हद्द सोफ्यापर्यंत सरकली होती. संध्याकाळी टीपॉय गेला. वृषालीने मिक्सर, कुकर आणि फोन उचलून डाव्या बाजूला आणले, कारण शिट्टी ऐकू आली नाही तर वरण करपतं. अप्पांनी खुर्ची सरकवली. मग टीव्ही आला, मग देव आले, कारण घंटा वाजायला हवी. मी डाव्या भिंतीला पाठ लावून उभा होतो.

"अहो, तुम्ही जरा तिकडे सरका ना," वृषाली म्हणाली. "तुम्हाला काय, तुम्ही कुठेही उभे राहू शकता."

"मग माझं बोलणं ऐकू येणार नाही."

"तुम्हाला अर्जंट काही बोलायचंय का?"

मी सरकलो.

वृषालीने फोन केल्यावर व्हिनियरच्या दुकानाचे मालक बेलसरे तिसऱ्या दिवशी स्वतः घरी आले. जाडजूड माणूस, चष्मा कपाळावर. डाव्या खोक्यावरून त्यांनी तळहात फिरवला.

"वहिनी, हा ओंडका संपला. दुसऱ्या ओंडक्याचं लावाल तर हा उजवा जन्मात तोंड उघडणार नाही. आणि त्याने तोंड नाही उघडलं तर परवापर्यंत तुमचं डावंही जाईल."

अप्पांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "म्हणजे मी काय ठार बहिरा होऊन बसू?"

मी उजवीकडे खाली वाकून खोक्यावरचा भुसा झटकत होतो. सदरा वर गेला असावा. बेलसरे बोलायचे थांबले, हद्द ओलांडून माझ्याकडे आले आणि ओलं फडकं माझ्या कमरेवरून फिरवलं. लाकडाच्या रेषा ओल्या केल्यावर नीट दिसतात. मग ते परत डावीकडे गेले, आवाज फुटेल इतपतच.

"सापडलं. पुढचं शीट यांच्या पाठीला आहे. गाठसुद्धा बरोबर जागेवर."

वृषालीने मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. "अगंबाई! इतकी वर्षं मी त्या गाठीला चामखीळ समजत होते."

"सोलायचं का?" अप्पांनी विचारलं.

"छे, छे. इतकं पातळ शीट फाटतं. अख्खंच चिकटवू."

मी नाही म्हणालो. ओरडून म्हणालो. हातांनी म्हणालो. डावीकडे धावलो तर कुकर, देव आणि अप्पांचे पाय यांच्यामध्ये पाऊल टेकायला जागा नव्हती, आणि कुणी काही उचललं नाही.

"हातवारे कसले करतायत?" अप्पा म्हणाले.

"लेक्चरची सवय," वृषाली म्हणाली.

बेलसऱ्यांनी खोक्याच्या बाजूला आणि माझ्या पाठीला सोल्यूशन फासलं. दोन्हीकडचं वाळू द्यावं लागतं, बोट लावलं तर चिकटू नये इतकं. मग दोन्ही एकमेकांना टेकले की सुटत नाहीत. तिरकं बसलं तर तिरकंच राहतं. म्हणून आधी मध्ये वर्तमानपत्राचे कागद घालतात, रेषा जुळवून घेतात आणि एकेक कागद ओढून काढतात. माझी मानगूट धरून त्यांनी माझ्या रेषा जुळवल्या. पाठीला कागदाचा गारवा लागत होता.

तेव्हा वृषाली हद्द ओलांडून माझ्याजवळ आली. तिने माझ्या गालाला हात लावला आणि बराच वेळ बोलली. काय बोलली ते ओठांवरून कळेना. तिचे डोळे भरले होते. मीही बोललो. लग्नानंतर इतकं सविस्तर मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. तिने शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघितलं, पदराने नाक पुसलं आणि परत डावीकडे गेली.

"विचारलं मी त्यांना," ती म्हणाली. "काही हरकत नाही म्हणाले."

बेलसऱ्यांनी खालचा कागद ओढला. कंबर जागच्या जागी बसली. त्यांनी त्यावरून रोलर फिरवला, मधला कागद चिमटीत धरला आणि डावीकडे बघून मान हलवली. अप्पांनी कानामागे तळहात धरला आणि खुर्चीतून पुढे वाकले.